चाकांच्या सेंटर कॅपचा उडालेला रंग: घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी

पोर्शची जुनी बॉक्स्टर, केमन किंवा बीएमडब्ल्यूची झेड-फोर हाताशी आली की पहिले काही आठवडे इंजिन, सस्पेन्शन आणि टायरांतच जातात. मग एखाद्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीपाशी उकिडवं बसलं की नजर चाकाच्या मधोमध जाते. रिम लखलखीत, टायर काळेभोर आणि मधली कॅप मात्र कळकट. कडेने रंगाचे पोपडे सुटलेले, चिन्हावरचं पारदर्शक आवरण पिवळं पडलेलं, एखादीवर टायरवाल्याच्या स्क्रू ड्रायव्हरचा घाव. गाडी लांबून कितीही देखणी दिसली, तरी जवळ गेल्यावर तिचं वय या चार चकत्याच सांगतात.

नव्या कॅप कंपनीकडून मागवता येतात आणि काही वेळा तेच शहाणपणाचं असतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑनलाइन स्वस्त डुप्लिकेटही मिळतात. पण त्यांची पकड ढिली निघते आणि चंदेरी रंग रिमच्या चंदेरीशी जुळत नाही. मूळ कॅपचे पाय शाबूत असतील तर ती दुरुस्त करणं मला केव्हाही बरं वाटतं. एक मात्र आधीच सांगतो, या कामात रंग मारणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. कॅप कशाची बनली आहे आणि तिच्यावर आधी काय चढवलंय हे न बघता घासायला बसलं की चांगली कॅपही वाया जाते. ठाणे-नवी मुंबईत त्याच्या जोडीला हवेचाही हिशेब करावा लागतो. आपल्याकडे रंग बिघडतो तो बहुतेक वेळा हातामुळे नाही, तर दमटपणामुळे.

बिघाड कुठून येतो

ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात आणि तापलेली लोखंडी पूड चाकावर उडते. युरोपियन स्पोर्ट्स गाड्यांचे मूळ पॅड पकडीला जबर असतात, पण पूडही तितकीच सोडतात. ती क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुतते आणि दमट हवेत तिथेच गंजते. कॅपवर दिसणारे तांबूस ठिपके ते हेच. पाम बीच रोडने रोज खाडीकाठाने जाणाऱ्या गाडीला त्यात खाऱ्या हवेची भर, तर घोडबंदर रोडवाल्यांना बांधकामाच्या धुळीची.

तरी माझ्या मते जास्त नुकसान आपणच करून घेतो. सकाळी गाडी पुसणारा एका बादलीत, एकाच फडक्यात ओळीने गाड्या उरकतो. ते फडकं शेवटी चाकावरून फिरतं तेव्हा त्यात आधीच्या गाड्यांची रेती असते. वॉशिंग सेंटरवर ‘अ‍ॅलॉय चमकवायला’ जे पाणी मारतात ते बहुतेक वेळा आम्ल असतं. रिम झटकन उजळते खरी, पण कॅपच्या कडेला जिथे क्लिअर कोटला केसाएवढी भेग असते तिथून ते आत शिरतं. पुढे पावसाळ्यात तिथेच फुगा येतो. प्रेशर गन अगदी जवळ धरली की तोच फुगा पोपडा होऊन उडतो.

काढताना मोडू नका

चाक उतरवून मागच्या बाजूने अंगठ्याने ढकलणं ही सर्वांत सुरक्षित पद्धत. नाहीतरी चार कॅप एकदम काढायच्या आहेत, तर त्याच दिवशी चाकांची आतली बाजू धुऊन होते आणि ब्रेक पॅडही बघून होतात. स्पोर्ट्स कार खाली टेकलेली असते, त्यामुळे साधा ट्रॉली जॅक तिच्याखाली जात नाही. आधी चाकं लाकडी फळीवर चढवून घ्या, मग जॅक सारा. जॅक फक्त कंपनीने दिलेल्या टेकूच्या जागीच आणि मध्ये रबराचा ठोकळा ठेवून लावायचा. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाला वीट आणि गाडी उचलल्यावर खाली स्टँड. या गाड्यांत बहुधा दर चाकाला एक बोल्ट चोरीपासून बचावाचा, वेगळ्या खाचेचा असतो. त्याचा अडॅप्टर टूलकिटमध्ये आहे ना, ते आधी बघा. सेकंडहँड गाडीत तो हमखास गायब असतो.

ढकलताना एकाच बिंदूवर जोर देऊ नका. पायांच्या आतून, थोडं इकडे थोडं तिकडे, असं गोल फिरत ढकला. अडकलीच तर हातोडीचा लाकडी दांडा कापडात गुंडाळून हलकेच ठोका. चाक न उतरवता काढायचीच झाली तर रिमच्या कडेला मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा आणि प्लास्टिकची ट्रिम पट्टी वापरा. स्क्रू ड्रायव्हर नको. त्याने कॅपपेक्षा रिमला ओरखडा पडतो आणि तो ओरखडा काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

मध्यभागी एकच मोठा नट असलेली सेंटर-लॉक चाकं असतील, उदाहरणार्थ २००९ नंतरची ९११ जीटी-थ्री, तर त्या नटला घरी हात लावू नका. त्याला लागणारा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, आणि अवजारं वर्कशॉपचीच. फक्त वरची कॅप निघत असेल तर तेवढीच काढा.

निघालेल्या प्रत्येक कॅपच्या मागे टेपचा तुकडा लावून कुठल्या चाकाची ते लिहून ठेवा. अदलाबदल झाली तरी गाडी चालेल, पण एखाद्या चाकाचं भोक जरा मोठं झालं असेल तर तिथे तीच कॅप नीट बसते.

उलटी करून बघा

बरेच लोक पुढून बघतात आणि लगेच पॉलिश पेपर शोधायला लागतात. आधी कॅप उलटी करा. मागे साच्यात उठवलेला पार्ट नंबर असतो आणि त्याच्या आसपास दोन टोकदार कंसांमध्ये प्लास्टिकचं नाव असतं. बहुतेकदा ते एबीएस किंवा पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस असतं, क्वचित पीए म्हणजे नायलॉन. पुढचं सगळं या दोन-तीन अक्षरांवर ठरतं. एबीएस रंग छान धरतं, पण अ‍ॅसिटोन आणि रंगवाल्यांच्या एनसी थिनरमध्ये विरघळतं. पीसी मिसळलेलं असेल तर जोरकस थिनरने त्यात बारीक भेगा पडतात, त्या लगेच दिसतही नाहीत. नायलॉनवर प्लास्टिक प्रायमरशिवाय रंग टिकत नाही. म्हणून ‘जरा थिनरने पुसून घेतो’ हा डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा सवयीचा हात कॅपवर चालवायचा नाही.

मग पाय बघा. गोल रांगेत उभे असलेले प्लास्टिकचे पाय, त्यांच्या टोकाला बाहेर वळलेला छोटा हूक आणि बऱ्याच कॅपमध्ये आतून ताण देणारी तारेची स्प्रिंग रिंग असते. ही रिंग आपल्याकडे गंजून लाल झालेली असते. ती हलकेच सोडवून बाजूला ठेवा, स्टील वूलने घासून पुसा आणि तेलाचा हात द्या. रिंग तुटली असेल किंवा तिचा ताण गेला असेल तर वरचा रंग कितीही सुंदर झाला तरी कॅप एखाद्या दिवशी महामार्गावर निघून जाणार.

इथेच दुरुस्ती की बदली हे ठरवा. एखाद-दुसरा पाय मोडला असेल आणि तुकडा हातात असेल, तर शुद्ध एबीएसच्या बाबतीत तो जोडता येतो. एबीएसचेच कण अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून दाट पेस्ट करायची, ती लावून दोन दिवस वाळवायची. तुटका भाग स्वतःच थोडा विरघळून एकजीव होतो. फेव्हिक्विकने जोडलेला पाय मात्र पहिल्याच झटक्याला सुटतो. एकमेकांशेजारचे दोन पाय गेले असतील किंवा कॅपच्या बैठकीलाच भेग असेल तर मोह सोडा आणि नवी मागवा. मागवताना बाहेरचा व्यास आणि पायांच्या हुकांचा व्यास दोन्ही व्हर्नियरने मोजा. पोर्शच्या अनेक कॅप ७६ मिलिमीटरच्या, मर्सिडीजच्या ७५ च्या, जुन्या बीएमडब्ल्यूच्या ६८ च्या असतात. ७५ आणि ७६ मधला एक मिलिमीटर डोळ्याला कळत नाही, चाकाला कळतो.

आता पुढची बाजू. उडालेल्या कडेवर नख फिरवा. पांढुरकी भुकटी निघाली किंवा करड्या प्लास्टिकवर चंदेरी पापुद्रा दिसला तर ती रंगवलेली कॅप. पातळ पत्र्यासारखा कडक, चकचकीत तुकडा उचलला जात असेल तर ते क्रोम. जपून, या क्रोमची उचललेली कड ब्लेडसारखी बोट कापते. वर जाड, फुगीर, काचेसारखं आवरण असेल तर तो डोम स्टिकर. आणि कॅप हातात जड, थंड लागली तर ती अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यावर अ‍ॅनोडायझिंग असतं, ते घासलं तर कायमचं जातं. अशी कॅप फक्त साबणाने धुऊन मऊ पॉलिशने उजळा आणि थांबा.

धुणं आणि घासणं

टायर पॉलिशमधलं सिलिकॉन हा रंगाचा मोठा शत्रू. ते कॅपवर राहिलं तर नव्या रंगाला ठिकठिकाणी बारीक खळगे पडतात आणि कितीही कोट मारले तरी ते भरत नाहीत. म्हणून घासण्याआधी धुवायचं. उलट क्रमाने केलं तर पेपर ते सिलिकॉन ओरखड्यांमध्ये दाबून बसवतो.

आधी भांडी घासायचा लिक्विड साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. पायांच्या खाचांमध्ये काळा चिखल अडकलेला असतो, तोही काढा. मग आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंडी पूड जिथे रुतली असेल तिथे तो जांभळा होऊन ओघळतो आणि कुजकट वास येतो. सुकू न देता धुऊन टाका. पुन्हा साबण, पुन्हा पाणी आणि शेवटी लिंट न सुटणाऱ्या कापडावर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणं. आयपीए एबीएसला धोका करत नाही. स्वच्छ झाली का हे तपासायला कॅपवर पाणी ओता. पाण्याचा थर अखंड पसरून राहिला तर ठीक. थेंब होऊन तुटला तर तेलकटपणा अजून शिल्लक आहे.

आता वॉटर पेपर. हार्डवेअरच्या दुकानात ४००, ६०० आणि ८०० नंबरचे मागा. पाण्यात थोडा साबण टाकून त्यात पेपर दहा-पंधरा मिनिटं भिजवून ठेवा. सुरुवात ४०० ने फक्त उडालेल्या कडांवर. जिथे जुना रंग संपतो आणि प्लास्टिक सुरू होतं तिथली पायरी बोटाच्या टोकाला लागेनाशी होईपर्यंत घासा. डोळ्याला सपाट वाटतं, बोटाला वाटत नाही. बोटाचं ऐका. ती पायरी राहिली तर क्लिअर कोटखाली नकाशासारखी रेघ उमटते. मग ६०० ने सगळा पृष्ठभाग मंद होईपर्यंत. चकाकणारा ठिपका कुठेही राहिला तर तिथला रंग पुढे सुटणार.

बहुतेक कॅप सपाट नसतात, मधे खोलगट किंवा फुगीर असतात. पेपर बोटाने दाबला की बोटाच्या रुंदीचे चर पडतात. खोडरबराचा तुकडा किंवा जुन्या स्लिपरच्या तळव्याचा एक काप पेपरमागे धरा. उठावदार चिन्हाभोवती पेपर पोचत नाही, तिथे करड्या रंगाचा स्क्रबिंग पॅड वापरा. चिन्हाच्या उंच कडा मात्र घासून गोल करू नका, त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत.

खोल घाव असेल तर टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या, ‘लांबी’ नावाच्या जाड पुट्टीचा अगदी थोडा भराव करा आणि सुकल्यावर घासा. बारीक ओरखड्यांना पातळ पुट्टी पुरते. एकाच वेळी जाड थर दिला तर आतून ओला राहतो आणि महिन्याभराने तिथे खड्डा दिसतो.

क्रोम असेल तर

क्रोमच्या कॅपला पुन्हा क्रोम करून मिळेल का, असं बरेच जण विचारतात. प्लास्टिकवर क्रोम चढवताना आधी तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोमियमचा अतिशय पातळ थर, असा क्रम असतो. जुना थर पूर्ण उतरवून हे सगळं पुन्हा करणं म्हणजे कारखान्याचं काम आहे. चार नगांसाठी कोणी मनापासून करत नाही. केलं तर खर्च नव्या कॅपच्या घरात जातो. आम्लात बुडवून क्रोम उतरवायच्या क्लृप्त्या ऐकायला मिळतात. आम्लाच्या वाफा, हाताला लागायची भीती आणि उरलेलं विषारी पाणी ओतायचं कुठे, हे सगळं बघता घरी तो उद्योग करू नये.

घरी करण्याजोगा उपाय एवढाच की सुटलेलं क्रोम पक्कडीने हलके उपटून काढायचं, हातमोजे घालूनच, आणि उरलेल्या घट्ट भागाच्या कडा ३२० ने ओल्या घासून उतरत्या करायच्या. कोरडं घासू नका, निकेलची धूळ श्वासात जायला नको आणि काहींना तिची अ‍ॅलर्जीही असते. सगळं क्रोम ४०० ने मंद केलं की ते चांगल्या प्रायमरला धरतं. मग वर चंदेरी रंग. आरशासारखी चमक परत येत नाही. स्प्रे कॅनवर ‘क्रोम’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. त्यावर क्लिअर मारला की तो राखाडी पडतो आणि क्लिअर न मारता हाताला निघतो.

एक सावधगिरी. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रिमला पावडर कोटिंग करून घेताना कॅपही त्याच खोक्यात देऊ नका. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात आणि एबीएस १०० च्या आसपासच मऊ पडायला लागतं. भट्टीतून कॅप निघेल, पण गोल निघणार नाही.

हवा बघून रंग मारा

जून ते सप्टेंबर हे काम करू नका. कॅनमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं तेव्हा ते रंगाचा पृष्ठभाग थंड करतं. हवा आधीच पाण्याने भरलेली असली की ओल्या रंगावरच दव धरतं आणि रंग पांढुरका, धुरकट होतो. पावसाळ्यात फार तर धुणं-घासणं उरकून कॅप पिशवीत बंद करून ठेवा. एप्रिल-मे मध्ये उलटा प्रश्न येतो. भर उन्हात रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि कॅपवर खरखरीत भुकटी बसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम, सकाळी दहानंतर. स्वस्तातला आर्द्रता मोजणारा काटा जवळ ठेवा. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बिनधास्त, ८० च्या वर असेल तर दुसरा दिवस बघा.

जागा म्हणाल तर गच्ची, वॉचमन आणि सेक्रेटरीला सांगून. पोडियम पार्किंगमध्ये मारलात आणि रंगाची धूळ शेजाऱ्याच्या पांढऱ्या सेडानवर बसली तर सोसायटीच्या पुढच्या सभेचा विषय तुम्हीच. गच्चीवर वारा असतो, म्हणून फ्रिज-वॉशिंग मशिनचं मोठं खोकं आडवं ठेवून त्याच्या तोंडाशी काम करा. आतून पाण्याचा हलका फवारा मारला की पुठ्ठ्याची धूळ उडत नाही.

कॅप धरायला पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला डबल टेपने चिकटवा. बाटली हातात धरून फिरवता येते आणि सगळ्या कडांना सारखा कोट बसतो. पाय आणि हूक मात्र टेपने झाकायचेच. तिथे रंगाचा थर चढला तर कॅप चाकात शिरत नाही, दाबली तर पाय मोडतो.

पुन्हा आयपीएने पुसून प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ, जवळजवळ पारदर्शक कोट. डब्यावर लिहिलेल्या वेळेत त्यावर राखाडी प्रायमर, दोन कोट, मध्ये दहा मिनिटं. प्रायमर सुकला की ८०० ने ओलं, हलक्या हाताने. या टप्प्यावर कॅप तिरप्या उजेडात धरा. राहिलेला प्रत्येक ओरखडा आत्ताच दिसेल आणि आत्ताच दुरुस्त होईल. चंदेरी मारल्यावर तो दिसतो दुप्पट आणि जात नाही.

चंदेरीच्या शेडसाठी नुसतं ‘सिल्व्हर’ मागू नका. एखादी कॅप घेऊन पेंट मिक्सिंगच्या दुकानात जा आणि तिच्या मागच्या, उन्हापासून वाचलेल्या भागावरून शेड जुळवून घ्या. काही दुकानं तयार शेड स्प्रे कॅनमध्ये भरून देतात. कॅन दोन मिनिटं तरी हलवा, आतली गोळी मोकळी वाजली पाहिजे. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा कॅपच्या बाहेर सुरू करून कॅपवरून सरळ नेत बाहेर संपवायचा, मध्ये थांबायचं नाही. पहिला कोट इतका पातळ की खालचा राखाडी दिसत राहावा. तीन पातळ कोट एका जाड कोटापेक्षा बरे. जाड मारला की ओघळ येतो आणि मेटॅलिकचे कण खालच्या कडेला गोळा होऊन काळपट पट्टा पडतो. शेवटचा कोट थोडा लांबून, धुक्यासारखा, म्हणजे कण सारखे पसरतात. मेटॅलिक रंगावर पेपर मारू नका, डाग पडतो.

चिन्हाचे रंग

इथे घाई करणाऱ्याचं काम नाही. दोन प्रकार असतात. चिन्ह वेगळ्या चकतीवर किंवा स्टिकरवर असेल तर रंगकामाच्या आधीच ते काढायचं. हेअर ड्रायरने कोमट करा, मग मासेमारीची तंगूस चकतीच्या मागे घालून करवतीसारखी ओढत न्या. पातळ अ‍ॅल्युमिनियमची चकती पातीने उचकटली की वाकते, तंगुशीने वाकत नाही. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून आणि आयपीएने निघतो. पिवळा पडलेला डोम परत पारदर्शक होत नाही. तो बदलायचाच. रेडियमवाल्याकडे मापाची चकती कापून मिळते. डोम इपॉक्सीचा नको, पॉलियुरेथेनचा मागा, तो उन्हात पिवळा पडत नाही.

वर स्टिकर नसून नुसतं पारदर्शक कडक प्लास्टिक धुरकट झालं असेल तर मात्र धुरकट हेडलाइट उजळवायचा तोच उपाय. १०००, १५००, २०००, ३००० असे ओले पेपर आणि शेवटी रबिंग कंपाउंड.

चिन्ह कॅपमध्येच उठावात असेल तर क्रम असा: चंदेरी, मग क्लिअरचा पहिला थर, तो पूर्ण पक्का झाल्यावर इनॅमल रंग. टू-पॅक क्लिअर पक्का झाला की इनॅमल चुकलेलं टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. खोलगट भागात ट्रिपल झिरो, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने थेंब सोडायचा. रंग स्वतःच कडेपर्यंत पसरतो, ब्रशने ओढायची गरज नसते. उंच कडेवर गेलेला रंग बोटाला ताणून गुंडाळलेल्या कापडाने, टर्पेंटाइन जेमतेम लावून, एकाच दिशेने पुसा. कापड सैल असलं तर खाचेत शिरतं आणि सगळं उपसून काढतं.

पोर्शचं चिन्ह १९५२ पासूनचं. मधे सोनेरी पार्श्वभूमीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा, तो श्टुटगार्ट शहराच्या मुद्रेतला. भोवती लाल-काळे पट्टे आणि हरणाची शिंगं, ती व्युर्टेम्बर्गकडची. रंगवायच्या आधी चांगल्या स्थितीतल्या कॅपचा मोठा फोटो समोर ठेवा, कारण उन्हाने उतरलेल्या लालचा केशरी होतो आणि तोच खरा समजून केशरी भरला जातो. काही गाड्यांवर मुळातच एकरंगी चंदेरी चिन्ह असतं. तिथे रंग भरायचा मोह नको. २०२३ मध्ये कंपनीने हे चिन्ह थोडं बदललं, लाल पट्ट्यांत षटकोनी जाळी आली. त्यामुळे एकच कॅप बदलताना नवी आणि उरलेल्या तीन जुन्या शेजारी ठेवून बघा.

क्लिअर कोट

कॅनमधला साधा वन-के क्लिअर दिसायला ठीक असतो, पण पेट्रोल किंवा जोरकस क्लीनर लागला की मऊ पडतो. चाकावर टिकायचा असेल तर हार्डनर मिसळलेला टू-के किंवा टू-पॅक, म्हणजे आपल्याकडचा पीयू क्लिअर. पण यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. सर्जिकल मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल याला काहीच अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा रेस्पिरेटर, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा, हे नसेल तर हा टप्पा स्वतः करू नका.

आणि खरं तर करायचीही गरज नसते. चंदेरीपर्यंत सगळं घरी करून चारही कॅप बाटल्यांसकट ओळखीच्या पेंटरकडे न्या. तो कुणाच्या तरी बंपरला क्लिअर मारणारच असतो, त्याच मापात तुमच्या कॅपवर दोन कोट निघतात. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा: एबीएस आहे, थिनरने पुसू नको, आणि हीटरखाली किंवा भट्टीत ठेवू नको. चिन्हात रंग भरायचा असेल तर हाच क्लिअरचा पहिला थर. रंग भरून वाळल्यावर वरून एक पातळ थर पुन्हा.

क्लिअर अर्ध्या तासात हाताला सुका लागतो, पण तो पक्का होणं वेगळं. एक दिवस धूळ न येणाऱ्या जागी, मग आठवडाभर खिडकीच्या उजेडात. कणभर धूळ बसली असेल तर आठवड्यानंतर २००० ने ओलं घासून कंपाउंडने उजळा. आधी घासलं तर पेपरला क्लिअर चिकटून येतो.

बसवताना

टेप काढा, स्प्रिंग रिंग परत तिच्या खाचेत बसवा. चाकातलं भोकही साफ करा, तिथे गंजाचा आणि जुन्या ग्रीसचा थर असतो आणि नवीन रंग तिथेच खरवडला जातो. चाक गाडीवर चढवून बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. ९८७ मालिकेच्या बॉक्स्टर-केमनला १३० न्यूटन-मीटर, २०१२ नंतरच्या ९८१ ला १६०. दुसरी गाडी असेल तर तिच्या मॅन्युअलमधला आकडा. साधारण ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. कॅप मधोमध ठेवा, चिन्ह सरळ धरा, म्हणजे व्हॉल्व्हच्या समोर किंवा उलट, चारही चाकांना एकसारखं. मग मऊ कापड ठेवून तळहाताने सगळीकडून सारखं दाबा. शेवटी एक स्पष्ट ‘टक्’ ऐकू येतो. नाही आला तर ती पूर्ण बसलेली नाही. नखाने कड उचलून बघा, हलली तर काढून हूक तपासा. अटल सेतूवर ताशी १०० ने जाण्याआधी हे पार्किंगमध्येच कळलेलं बरं. कॅपमुळे चाकाचं बॅलन्सिंग बदलत नाही, त्यासाठी परत दुकानात जायला नको.

पहिला महिना फक्त साबण-पाणी. गाडी पुसणाऱ्याला चाकांसाठी वेगळं फडकं आणून द्या आणि कोरडं पुसू नको असं सांगा. वॉशिंग सेंटरला आम्लाचं क्लीनर मारू नका असं आधीच बजावा. टायर बदलायला जाताना कॅप घरीच काढून ठेवा. दुकानात काढायला दिल्या तर स्क्रू ड्रायव्हर आलाच. घरी विसरलात तर तिथे पोचल्यावर आधी स्वतः काढा आणि फडक्यात गुंडाळून डिकीत टाका. बॉक्स्टरला तर पुढेमागे दोन डिक्या आहेत.